मामेऱ्याचा दात

मोझांबिकची वहाणं, म्हणजे शिडाची जहाजं, दीव बंदरात भादव्यात यायची. किल्ल्यावरून तोफ उडाली की अर्धा बाजार दुकानं उघडी टाकून धक्क्याकडे पळायचा, आणि लाडकोरची आई, तिची बा, देवघरातून एकच प्रश्न विचारायची, "त्रिकम आहे का गं वहाणात?" लाडकोर आज साठीला टेकली. वेरावळला सासरी बसून तीन सुनांना धाकात ठेवते. पण भादवा लागला की अजून तिचे कान आपोआप समुद्राकडे लागतात. आता कसली तोफ नि कसली वहाणं! आगबोटी आल्या, वहाणं कुजली, ज्यांची वाट बघायची ती माणसंही गेली.

तिचे बापा ओधवजी पितांबर. गाव त्यांना ओधव मांडवीवाला म्हणे. मांडवी म्हणजे बंदरावरची जकातकचेरी. वहाणातून उतरलेला प्रत्येक नग तिथल्या मोठ्या काट्यावर चढायचा, त्यावर शिक्का बसायचा, मगच गावात शिरायचा. राज्य फिरंग्यांचं. पण फिरंगी साहेब यायचा तीन वर्षांसाठी, आणि त्याला हस्तिदंत कुठला नि मुळा कुठला हे कळेपर्यंत परत जायची वेळ व्हायची. म्हणून मांडवी सांभाळायला गावातला जाणता वाणी लागे. बापा कापडाचे व्यापारी होते, दोन वहाणांत त्यांची भागीदारी होती, आणि जकातही तेच घेणार. कुंपणानंच शेत खाल्लं, असं म्हणायला गाव टपूनच बसलेलं.

त्यांनी मग एक नेम करून टाकला. आपला माल सगळ्यांच्या आधी तोलायचा, सगळ्यांदेखत, आणि मापाड्यानं वजन मोठ्यानं ओरडून सांगायचं. बाच्या काकीनं जाफराबादहून खजुराची करंडी धाडली, तीही काट्यावर चढली. काकी मरेपर्यंत सांगत होती, "आमच्या जावयानं माझा खजूर तोलला हो!" बा हसायची. घरात तांदूळ निवडताना, पापड लाटताना ती नवऱ्याच्या या कडकपणाचे किस्से शेजारणींना असे रंगवून सांगायची, की ऐकणारीला वाटावं, असला नवरा मिळायला पुण्याईच लागते. आणि खरंच, ते दिवस सुखाचे होते. संध्याकाळी बापा मांडवीतून आले की त्यांच्या धोतराला लवंगांचा, मेणाचा, खाऱ्या वाऱ्याचा वास असायचा. लाडकोर त्यांच्या पगडीतली धूळ झटकायची आणि ते तिला विचारायचे, "सांग बघू, आज किती नग उतरले?" तिनं सांगितलेला आकडा हमखास चुकायचा. मग ते हसायचे. मांडवीत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

आता मामेऱ्याचं, म्हणजे भाचीच्या लग्नात मामानं करायच्या आहेराचं, सांगायला हवं. त्या मुलखात नवरीच्या हातात हस्तिदंताचा चुडा घातल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि तो चुडा द्यायचा मामानं. ज्या दातातून चुडा कापायचा, तो दात तोलायचा नाही, त्याची किंमत विचारायची नाही. तोलला की तो माल झाला. माल विकायचा असतो, भाचीला द्यायचा नसतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पूर्वी मांडवीतही कुंकू लावलेला दात दिसला की मापाडी तोंड फिरवायचा आणि दात बाजूच्या दारानं घरी जायचा. पण वाण्याची जात! हळूहळू कुंकवाचे दात वाढायला लागले. एका साली एकट्या भाणजीशेठला अकरा भाच्या झाल्या. बापांनी तेव्हा हुकूम काढला, की कुंकू असो नसो, मांडवीत आला तो माल. पुढल्याच साली कानजी मोदी बिचारा भाचीसाठी खराखुरा एकच दात घेऊन आला, त्याचाही तोलला. कानजी मोदी पन्नाशीचा गडी, काट्यापाशी उभा राहून लहान पोरासारखा रडला. भाचीला त्यानं तो दात दिला नाही, दुसरीकडून मागून आणून दिला.

आणि त्याच्या पुढच्या भादव्यात त्रिकममामा आला.

मामा बाचा एकुलता एक भाऊ. आईबाप पटकीत गेले तेव्हा बा बारा वर्षांची होती आणि मामा चार. काकीच्या घरी राहून, स्वतःच्या ताटातलं काढून बानं त्याला वाढवलं. लग्न होऊन ती दीवला आली, तेव्हा तोही तिचा पदर धरून आला. सतराव्या वर्षी बापांनीच त्याला मोझांबिकला पेढीवर धाडलं. दोन-तीन वर्षांनी एकदा तो यायचा, आणि आला की घराचा नूरच पालटायचा. बापांच्या पगडीची नक्कल काय करायचा, फिरंगी साहेबाच्या चालीनं ओसरीवर काय चालून दाखवायचा! लाडकोर जन्मली तेव्हा पाळण्यापाशी उभा राहून तो म्हणाला होता, "बेन, हिच्या चुड्याला मी असा दात आणीन, की अख्खं दीव दारात उभं राहून बघेल." लाडकोरला चौदावं सरलं होतं. मार्गशीर्षातली तिथी धरलेली होती.

तोफ उडाली तशी बा पाण्याचा तांब्या, कुंकवाचं ताट घेऊन लाडकोरला ओढतच धक्क्यावर गेली. भावाचं पाऊल जमिनीला लागताना बहिणीनं समोर असावं, ही तिची हौस. मांडवीच्या बाहेरच्या ओट्यावर दोघी उभ्या राहिल्या. आत पंचवीस-तीस शेठ, खारवे, हमाल, आणि खुर्चीत पेंगणारा फिरंगी साहेब. थोरांसमोर बाचा घुंगट छातीपर्यंत. तिथून तिनं हाक मारायची सोय नव्हती.

मामा होडीतून उतरला. खांद्यावर लाल कापडात गुंडाळलेला दात. हमालाला त्यानं हातही लावू दिला नव्हता. दोन माणसांनी उचलावा असा तो दात, आणि हा एकटा घामाघूम होऊन हसत येतोय! ओट्यापाशी थांबून तो पाणी प्यायला. "बेन, वाळलीस गं. ओधवशेठ जेवायला घालतात ना? का तेही तोलून?"

"गप रे मेल्या," बा घुंगटातून म्हणाली. तिचा आवाज आनंदानं फुटत होता.

आत गेल्यावर मामानं बापांना वाकून नमस्कार केला आणि सरळ बाजूच्या दाराकडे वळला.

"त्रिकमभाई," बापा म्हणाले, "इकडून."

"हे मामेरं आहे, शेठ."

"दिसतंय. काट्यावर ठेवा."

मामाला आधी वाटलं, थट्टाच आहे. तो हसला. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं, तर कुणीच हसत नव्हतं. कानजी मोदी खांबाला टेकून उभा होता, आणि त्याचे डोळे बापांच्या तोंडावरून हलत नव्हते.

"शेठ, दुप्पट लावा जकात. चौपट लावा. अंदाजानं लिहा, मी एका शब्दानं बोलणार नाही. पण हा दात पारड्यात जायचा नाही."

"अंदाजानं लिहायची चाल इथं नाही."

"तुमच्याच लेकीचा चुडा आहे!"

"म्हणूनच," बापा म्हणाले.

साहेब जागा झाला. काय गोंधळ आहे ते दुभाष्यानं त्याला सांगितलं. त्यानं जांभई दिली आणि म्हणाला, "जाऊ दे ना ओधव, एक दात तर आहे."

"साहेब, तुम्ही उद्या लिस्बनला जाल. मला इथंच राहायचंय."

ओट्यावर बानं हातातलं ताट खाली ठेवलं. तिनं लाडकोरला कोपरानं ढोसलं. "जा, मामाला सांग, बा म्हणते तोलू दे. मला काही वाटायचं नाही. तुलाही नाही वाटायचं, हो ना?" लाडकोर पळत आत गेली. इतक्या पुरुषांत शिरायची तिची ती पहिलीच वेळ. तिनं मामाच्या कानात सांगितलं. मामानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तोलून दिलं तर मी मामा कसला गं? दुकानदार झालो. जा, बापांना सांग, त्यांनीच काय ती तोड काढावी. ते थोर आहेत."

लाडकोर बापांपाशी गेली. "बापा, मामा म्हणतो..." एवढंच ती बोलली आणि त्यांच्या तोंडाकडे बघून तिची बोबडी वळली. घरी हसणारे बापा ते नव्हतेच. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाईमाणसांनी आत येऊ नये." ती तशीच मागं फिरली.

न तोललेला माल परत समुद्रात न्यायची मुभा होती. मामानं दात पुन्हा खांद्यावर घेतला. जाताना ओट्यापाशी तो थांबला, बाच्या पायांवर डोकं ठेवलं. "बेन, माझं मामेरं ज्या दारात अडलं, त्या दारातून मी परत यायचा नाही." बानं त्याचा दंड धरला होता. लाडकोरला अजून ते हात दिसतात. त्यानं एक-एक बोट हलकेच सोडवलं आणि होडीत बसला. रात्र त्यानं वहाणातच काढली, आणि सकाळी एका मचव्यातून वेरावळच्या अंगाला निघून गेला.

लग्न लागलं. तिथी कुणासाठी थांबत नाही. मामेऱ्याच्या वेळी बायका गाणी म्हणतात, 'भाऊ आला, भाऊ आला' अशी, आणि बहीण ओवाळायला दारात उभी राहते. बा ताट घेऊन उभी राहिली. रस्ता मोकळा. गाणाऱ्या बायका एक-एक करून गप्प झाल्या. तेव्हा कोपऱ्यावरून कानजी मोदी आला, डोक्यावर पगडी, हातात लाल कापडातला चुडा. तो बापांकडे गेलाच नाही. बाच्या समोर उभा राहून म्हणाला, "बेन, मला भाऊ मान. भाचीचं मामेरं अडल्यावर काय होतं, ते मला ठाऊक आहे." बानं त्याला ओवाळलं. पण तिचे डोळे त्याच्या खांद्यावरून मागं, रस्त्याच्या टोकाकडेच होते. लाडकोर तो चुडा घालून सासरी गेली.

मामा आला नाही. पहिल्या भादव्यात आला नाही, दुसऱ्या नाही, पाचव्या नाही. बा मात्र दर साली तोफ झाली की दिवा लावायची. पुढं पुढं ती विचारायची बंद झाली, नुसता दिवा लावायची. अकराव्या साली वहाण आलं ते निरोप घेऊन. मोझांबिकला तापानं गेला, चैत्रात. पाच महिने ती मेलेल्या भावासाठी लोणचं मुरवत बसली होती. लाडकोर माहेरी गेली तेव्हा बानं बरणी दाखवली, "हे आता कुणाला घालू गं?" म्हणाली. बापा ओसरीवर बसून होते. मांडवी त्यांनी त्याच साली सोडली. गाव म्हणालं, असा चोख माणूस पुन्हा होणे नाही. आणि ते खोटं नव्हतं.

एवढं होऊनही बा बापांना एका शब्दानं कधी बोलली नाही. त्यांचं पाणी तापवायची, घरात सून आली तरी त्यांना गरम गरम रोटली स्वतःच वाढायची, त्यांच्या संधिवाताला तेल चोळायची. शेजारणींना खजुराचा किस्सा सांगायचा तेवढा तिनं बंद केला. लाडकोरला नवल वाटायचं. आपण असतो तर नवऱ्याचं डोकं खाल्लं असतं, असं तिला वाटे.

लग्नाला बावीस वर्षं झाली त्या साली लाडकोरच्या धाकट्या लेकीला, मणीला, देवी आल्या. वाचली पोर. लाडकोरनं नवस बोलला होता, पोरीच्या भारंभार गूळ वाटीन. देवळात तराजू बांधला, एका पारड्यात गूळ, दुसऱ्यात मणी. पण ती कसली बसतेय! तीन वर्षांचं कार्टं, पारडं हललं की किंचाळून बाहेर उडी. चारदा बसवली, चारदा उडी. पुजारी वैतागला. "अहो बेन, तुम्हीच तिला मांडीवर घेऊन बसा. मग तुम्ही एकट्या बसा. तुमचं वजन वजा केलं की राहिलं ते पोरीचं. एवढी काय रडारड!"

लाडकोर मांडीवर पोर घेऊन बसली. पारडं धाडकन खाली गेलं तशा जावा-नणंदा फिदीफिदी हसल्या. "वाढवा गूळ, वाढवा! बेनचाच नवस फेडायचाय!" तीही हसली. मग मणीला उतरवून ती एकटी पारड्यात बसली, आणि बसल्या बसल्या तिचं हसू थांबलं. मणी पारड्यात बसलीच नव्हती. ती आईच्या मांडीवर होती. तरी तिचं वजन निघालं.

मामानं दात मांडीवर घेऊन बसायचं. मग एकट्यानं बसायचं. मामेरं पारड्याला शिवलंही नसतं, आणि बापांना वहीत लिहायला वजन मिळालं असतं.

देवा रे! इतकं सोपं!

आठवड्याच्या आत ती मचव्यानं दीवला गेली. वाटभर तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. जन्मभर तोलण्यात गेलेली ही माणसं, आणि एकाच्याही डोक्यात येऊ नये? बापांना सांगावं, थोडं टोचावं, मग बाला सांगावं, दोघींनी गळ्यात पडून एकदाचं रडून घ्यावं, असं तिनं ठरवलं होतं.

बापा ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. सत्तरीकडे झुकले होते, डोळ्यांनी कमी दिसत होतं. तिनं पाण्याचा घोटही न घेता सगळं सांगितलं. मणी, गूळ, पारडं. "बापा, एवढंसं सुचायला हवं होतं हो!"

झोपाळा थांबला.

"मला सुचलं होतं," बापा म्हणाले.

"कधी?"

"तेव्हाच. तू माझ्यापाशी आलीस ना, त्याच्याही आधी." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मांडवीवाल्यानं कसं सुचवायचं? मी म्हटलं असतं, तर कानजी मोदी म्हणाला असता, माझ्या वेळी नाही सुचलं, मेहुण्याच्या वेळी बरं सुचलं. म्हटलं, त्रिकम हुशार आहे, तो स्वतःच म्हणेल. त्यानं म्हणावं आणि मी मान डोलवावी. मी वाट बघत होतो. तो बोललाच नाही. मग तो होडीत बसला. मग..." 

लाडकोर जन्मभर या माणसाला भीत आली होती. त्या दिवशी तिची भीती कुठं गेली कुणास ठाऊक. "बाला ठाऊक आहे हे?"

"नाही. तिला सांगू नकोस."

"मी नाहीच सांगणार. तुम्ही सांगा. आत्ता उठा आणि सांगा. बावीस वर्षं तिनं तुम्हाला गरम रोटली वाढलीय, बापा. तेवढं तरी देणं लागता तिचं. नाहीतर मग मी सांगते."

 बापा काठी घेऊन उठले आणि आत गेले. बा चुलीपाशी भाकरीचं पीठ मळत होती. लाडकोर दाराआड उभी राहिली. बापांनी सगळं सांगितलं, मांडवीत वजन सांगावं तसं, सरळ, काही कमी-जास्त न करता. बाचे हात पिठात थांबले.

"दात मांडीवर घेऊन बसायची तोड मला ठाऊक होती," ती म्हणाली.

"कशी?"

"त्रिकमनं दुसऱ्या दिवशी खारव्याकडून निरोप धाडला होता. म्हणाला, बेन, दात मांडीवर घेऊन मी पारड्यात बसलो असतो, ओधवशेठ एकदा 'बस' म्हणाले असते तर. मी देणारा, मी आपणहून कसा म्हणू?"

"आणि तू मला कधी बोलली नाहीस?"

"काय बोलू? विचारलं असतं, आणि तुम्ही 'सुचलं होतं' म्हणाला असता, तर?" बानं पीठ पुढं ओढलं. तिचा आवाज चढला नव्हता. "मी मनाला समजावलं, यांना सुचलंच नसेल. केवढी गर्दी होती. साहेब बसलेला, मोदी उभा, पोर मध्येच आत शिरलेली. अशा वेळी माणसाला नाही सुचत. सुचलं असतं तर यांनी माझ्या भावाला जाऊ दिलं नसतं, असं मी दर भादव्यात स्वतःला सांगितलं. तो गेल्याचं कळलं त्या दिवशीही सांगितलं. तेवढ्या एका गोष्टीवर मी तुमच्याबरोबर राहिले."

बापा काठीवर भार देऊन उभे होते.

"तेवढी तरी मला ठेवायची होती," बा म्हणाली. "आता मरायला टेकल्यावर कशाला आलात सांगायला?"

बापांनी दाराकडे पाहिलं नाही. लाडकोरचं नावही घेतलं नाही. दाराआड उभ्या राहिलेल्या लाडकोरनं तोंडात पदर कोंबला. बानं भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि त्या दिवसापासून बापांचं ताट ती लाडकोरच्या भावजयीला वाढायला सांगायला लागली.